विनफॉर्म्सच्या खिडकीत ब्लेझर: आंब्याच्या एका हंगामानंतरचा अनुभव

देवगडजवळच्या एका आंबा पॅकिंग केंद्रातील पेटीनोंदीचा प्रोग्राम मी बारा वर्षे सांभाळत आहे. तो विनफॉर्म्समध्ये, म्हणजे २००२ साली डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग व्यासपीठाच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेल्या, विंडोजच्या खिडक्या आणि फॉर्म बनवण्याच्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मी तो डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ या जुन्या शाखेवरून डॉटनेट ८ या नव्या शाखेवर नेला आणि त्याच्याच खिडकीत ब्लेझरचे, म्हणजे डॉटनेटमध्येच वेबपाने लिहिण्याच्या फ्रेमवर्कचे, दोन नवे स्क्रीन बसवले. त्याला आता सात महिने झाले असून त्यात हापूसचा अख्खा हंगाम पार पडला आहे.

सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, कारण आमचे दिवाणजी पेटीवरची नजर न हलवता डझन, वजन आणि प्रत टाइप करतात आणि एंटर दाबून पुढच्या रकान्यात जातात. एप्रिलमध्ये वाशीला जाणारी गाडी दारात उभी असताना त्यांच्या बोटांची ही सवय मोडणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र ४.८ वरच थांबणेही शक्य नव्हते, कारण विनफॉर्म्समध्ये ब्लेझर दाखवणारे ब्लेझरवेबव्ह्यू हे कंट्रोल (फॉर्मवर बसवायचा तयार घटक) डॉटनेट ६ पासूनच मिळते. स्थलांतरात बहुतेक कोड जसाच्या तसा चालला. मेनमेनू, टूलबार आणि डेटाग्रिड ही जुनी कंट्रोल्स नव्या शाखेच्या डॉटनेट कोअर ३.१ या आधीच्या आवृत्तीतच काढून टाकलेली असल्यामुळे त्यांच्या जागी मेनूस्ट्रिप, टूलस्ट्रिप आणि डेटाग्रिडव्ह्यू घालावे लागले. खरा वेळ गेला तो फॉन्टपायी. पूर्वीचा ८.२५ पॉइंटचा मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ जाऊन ९ पॉइंटचा सेगो यूआय हा आपोआप लागणारा फॉन्ट झाला आहे, त्यामुळे फॉर्म रुंदावतात आणि मोजून आखलेली मांडणी सरकते. डॉटनेट ६ मध्ये आलेल्या सेटडीफॉल्टफॉन्टच्या एका ओळीने जुना फॉन्ट परत आणता येतो, हे मला आठवडाभर रकाने हाताने सरकवल्यानंतर समजले. हे काम करणाऱ्याने सर्वप्रथम तीच ओळ लिहावी.

बागायतदाराची खतावणी आणि दलालाकडून आलेल्या पट्ट्यांचा (विक्रीच्या हिशेबपत्रांचा) ताळेबंद हे दोन स्क्रीन ब्लेझरमध्ये केले. त्यांची पाने प्रोग्रामबरोबरच संगणकावर असल्यामुळे इंटरनेट बंद पडले तरी ती उघडतात, आणि हीच पाने पुढे मालकांच्या मोबाइलवर ब्राउझरमध्येही वापरता येतील. ही पाने दाखवणारा वेबव्ह्यू स्वतःच्या वेगळ्या प्रक्रिया चालवतो, म्हणून ४ जीबी मेमरीच्या संगणकावर त्या स्क्रीनचा टॅब उघडल्यावरच तो तयार करावा. आरंभीच तयार केल्यास त्याचा भार नोंदीच्या फॉर्मवर पडतो.

डॉटनेट ८ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुधारणांची मुदत नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे. डॉटनेट ९ पासून बायनरीफॉर्मॅटर, म्हणजे माहिती बायनरी रूपात साठवणारा डॉटनेटचा जुना घटक, चालत नाही आणि आमचा प्रोग्राम पेटीची माहिती क्लिपबोर्डवरून नेताना त्याचाच आधार घेतो, म्हणून तेवढा भाग मी या पावसाळ्यातच बदलत आहे. नोंदीचा फॉर्म मात्र विनफॉर्म्समध्येच राहील.