४३० रुपयांचं काम आणि २६,२०० चा चहा

आधी आकडा सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. २६,२०० रुपये. टोचन १,५००, फ्युएल पंप ५,८००, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) १६,५००, वायरिंग आणि मजुरी २,४००. गाडीचा खरा आजार काय होता? अर्थिंगची, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी, एक कुजलेली वायर. वायर २८०, बसवायचे १५०.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. परिपथ कुठं तुटला की दिवा लागत नाही, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. घरी काय काय ऐकून घेतलं असेल याची कल्पना करा.

गाडी २००९ ची वॅगनआर. भंगारात घाला म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. पंधरा वर्षं झाली म्हणून गेल्या साली ५,००० फी आणि वर हरित कर भरून रीतसर पासिंग करून घेतलंय. जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडी कुरकुरायला लागली. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणायचे. झालीच चालू तर कोरेगाव रस्त्याला मिसिंग मारायची, म्हणजे इंजिन मध्येच झटके खायचं. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीच नवी टाकलेली, त्यामुळं तिकडं लक्षच गेलं नाही. शेवटी एका शनिवारी माहुलीच्या पुलाअलीकडं बंद पडली ती पडलीच. आमचा नेहमीचा फिटर माउलींच्या पालखीबरोबर वारीला गेलेला. वरनं पाऊस, शाळेची वेळ झालेली. कुणीतरी एका गॅरेजवाल्याचा नंबर दिला, मी फोन लावला. तुम्ही तरी वेगळं काय केलं असतं?

फोनवरच तो म्हणाला, "सर, ईसीएममध्ये पाणी गेलंय." गाडी बघितलेली नाही, बॉनेट उघडलेलं नाही! तिथंच फोन ठेवायला हवा होता. पण "सर" म्हटलं की आपण विरघळतो.

गॅरेजमध्ये काय झालं ते नीट सांगतो, कारण ते मला रात्री अजून आठवतं. त्याच्याकडं सोळा-सतरा वर्षांचा एक पोऱ्या होता. तो वाकून काहीतरी पुसत होता आणि त्याच्या कोपराचा बॅटरीच्या काळ्या वायरीला धक्का लागला. चावी ऑनच होती. डॅशबोर्डचे मेलेले दिवे भकन् लागले. मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंद गुणगुणही आली. पोरगं तोंड उघडणार, तेवढ्यात उस्तादानं त्याच्याकडं असं बघितलं की ते गप्पच झालं. "जा, सरांना चहा सांग." पोरगं गेलं. मी चहा प्यालो. साखर जास्त होती.

पंप गुणगुणला म्हणजे निदान तो फिरतोय, हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. दहा मिनिटांनी त्याच पंपाचे ५,८०० त्यानं सांगितले आणि मी मान डोलावली. मोबाईलवर स्कॅनरचा कोड दाखवला, पी ०३००. घरी येऊन शोधलं तर त्याचा अर्थ एवढाच, की सिलिंडर मिस होताहेत, म्हणजे त्यांच्यात इंधन नीट पेटत नाही. ते तर मीच त्याला सांगितलं होतं! कोड दाखवला म्हणजे निदान झालं असं समजू नका.

१०,००० मोबाईलवरून दिले. उरलेले १६,२०० रोख, कारण "बिल केलं की जीएसटी लागतो, सर." मला वाटलं आपले पैसे वाचतायत. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, कंपनीत जमा करावे लागतात. जुना पार्ट हातात पडेपर्यंत खिशात हात घालू नका.

नऊ दिवस गाडी झकास पळाली. दहाव्या दिवशी पाऊस, आणि परत टक-टक.

तोवर आमचा फिटर वारीहून आलेला. त्यानं काय केलं बघा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि मला सेल्फ मारायला सांगितला. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, मीटरवर ३.८. मग जंपर केबलनं बॅटरीचा निगेटिव्ह थेट इंजिनाला जोडला, आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू. जुनी वायर काढली तर तिच्या टोकाच्या लगच्या (बोल्टला आवळायच्या धातूच्या कडीच्या) आत हिरवी भुकटी, तारा हातात तुटून आल्या. आधीच्यानं नुसती घासून आवळलेली.

मग ईसीएम बघितला. बोल्टवर गंज तसाच, पान्याचा एक ओरखडा नाही, कोपऱ्यात कोळ्याचं जाळंसुद्धा शाबूत. "सर, या गाडीला चिपची चावी आहे. ईसीएम नवा टाकला तर कोडिंगला चाव्या लागतात. त्यानं मागितल्या का तुमच्याकडं?" दुसरी चावी घरी बायकोच्या कपाटात होती.

गॅरेजवर गेलो तर "माल बसवलाय, तुम्ही बाहेर छेडछाड केली." पोलीस ठाण्यात (कुठल्या ते लिहीत नाही) दीड तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, न बसवलेल्या पार्टचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही का? चारशेवीस जाऊन आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलंय, एवढं वाचून गेलो होतो. साहेब म्हणाले, "शिक्षक आहात ना? मग बिल का नाही घेतलं?" बाकावरचे दोघं हसले. म्हणजे ज्यानं लुटलं तो तिकडं पाने पुसत बसलाय आणि उलटतपासणी माझी! साधा अर्ज घेऊन पोच द्यायला तीन हेलपाटे घातले, दोन अर्ध्या रजा गेल्या.

ग्राहक कायदा २०१९ चा. बिल न देणं हीच त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. दोन वर्षांची मुदत असते, तेवढं लक्षात ठेवा. कागदावर सगळं छान आहे. मी एका सरकारी कार्यालयात अर्ज दिला, सोबत मोबाईलवरच्या १०,००० चा पुरावा आणि जाळ्यासकट ईसीएमचा फोटो. काल तिथून फोन आला, बिलाची प्रत जोडलेली नाही, अर्ज अपूर्ण आहे.

मी म्हटलं, साहेब, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे.

"मग तसं लिहून द्या. तीन प्रतींत."