बहिष्कारानंतर: खटला की तडजोड?

समाजाने वाळीत टाकल्यावर खटला शेवटपर्यंत लढवावा की तडजोड करावी, हा पेच मोठा आहे. महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार दोषींना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इतरांवर जरब त्यानेच बसते. मात्र साक्ष बहुधा आप्तांनाच द्यावी लागते आणि ते दडपणाखाली असतात, ही मला सर्वांत दुखरी बाब वाटते. तडजोड पीडिताच्या संमतीने व न्यायालयाच्या परवानगीनेच होते. वेळ वाचतो, पण दोषसिद्धी होत नाही. मनाने तुटलेली नाती दोन्हींतून सक्तीने जुळत नाहीत. लग्न-अंत्यविधीपुरती वाट मोकळी हवी असल्यास तडजोड योग्य. धमक्या चालूच असतील, तर खटलाच चालवावा.