चिनी-इंग्रजी शब्दकोश: प्लेको, एमडीबीजी, योदाओ की विक्शनरी?

गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपनीत खरेदी खातं सांभाळणारे, बोटीवर जायची तयारी करणारे तारवटी, हॉटेल व्यवस्थापन शिकणारी मुलं, असे बरेच जण आता चिनीकडे वळू पाहतात. बहुतेकांचा अभ्यास घरीच, मोबाइलवर चालतो. अशा वेळी शब्दकोश हाच रोजचा मास्तर. तो चुकीचा निवडला तर सहा महिन्यांनी शब्द भरपूर पाठ असतात आणि वाक्य एकही धड जुळत नाही.

चिनी-इंग्रजी शब्दकोश शोधायला गेलं की डझनभर नावं समोर येतात. त्यांची रंगरूपं ताडून पाहण्याआधी एक गोष्ट बघा: आतला मजकूर कुणाचा? फुकटातले बहुतेक कोश एकाच साठ्यावर चालतात, तो म्हणजे सीसी-सीईडिक्ट. पॉल डेनिसोव्हस्की यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या सीईडिक्ट प्रकल्पाचा हा पुढचा अवतार. एमडीबीजी हे संकेतस्थळ तो सांभाळतं. नोंदी लाखाच्या वर आहेत, परवाना खुला आहे, कुणीही दुरुस्ती सुचवू शकतं आणि संपादक ती तपासतात. खुला असल्यामुळेच तो सगळीकडे पोचला. म्हणजे तीन फुकट अॅप उतरवून तिन्हींत एकच अर्थ मिळाला, तर तिघांचं एकमत झालं असं समजू नका. तिघांनी एकाच वहीतून उतरवून घेतलेलं असू शकतं.

या साठ्यात अक्षरांची पारंपरिक (तैवानमधली) आणि सरलीकृत (चीनमधली) अशी दोन्ही रूपं असतात, पिनयिन म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेला उच्चार असतो, इंग्रजी अर्थ असतात. वाक्यं नसतात. शब्द नाम की क्रियापद, हेही सांगितलेलं नसतं. याचा त्रास कुठे होतो ते एका शब्दावर पाहू. ‘ता’ हे चिनीतलं अगदी रोजचं क्रियापद, पिनयिनमध्ये डी-ए, तिसरा सूर (चिनीत आवाजाच्या चढउतारावरून शब्द बदलतो, तो चढउतार म्हणजे सूर). सीसी-सीईडिक्टमध्ये त्यापुढे अर्थांची रांग लागते: मारणे, फोडणे, खेळणे, बांधणे, आणणे, टंकणे आणि आणखी कितीतरी. नवशिक्याने यातला कोणता घ्यायचा? प्लेको या मोबाइल अॅपच्या स्वतःच्या कोशात हेच अर्थ सुटे करून, प्रत्येकाला वापर जोडून दिलेले दिसतात. फोन करायचा तर ‘ता’, छत्री धरायची तर ‘ता’, पाणी भरायचं, चेंडू खेळायचा, स्वेटर विणायचा, तरी ‘ता’च. मराठी माणसाला हे लगेच कळतं, कारण आपण हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, फेरी मारतो, आणि यात कुणालाच मार बसत नाही. अर्थाची यादी वाचून हे उमजत नाही, जोडीचे शब्द दिसले की उमजतं. म्हणून माझ्या लेखी कोशाची पहिली परीक्षा हीच: तो शब्द एकटा दाखवतो की त्याच्या सोबत्यांसह?

या परीक्षेत नवशिक्यासाठी प्लेको सरळ पुढे आहे. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर मिळतो, मूळ अॅप फुकट आहे, आणि त्यात सीसी-सीईडिक्टही आहेच. बोटाने अक्षर गिरवून शोधता येतं, त्यामुळे उच्चार माहीत नसलेलं अक्षरही सापडतं. सगळ्यात मोठी सोय म्हणजे कोश फोनमध्येच उतरलेला असतो. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावांत, कदंबच्या बसमध्ये, पावसाळ्यात वीज जाऊन वायफाय बंद पडल्यावर, शब्द शोधायला नेटवर्कची वाट पाहावी लागत नाही. संकेतस्थळांवर विसंबलेल्याचा अभ्यास अशा दिवसांत हमखास खंडतो, आणि एकदा खंडलेला अभ्यास पुन्हा रुळावर आणणं किती जड जातं हे शिकणाऱ्यालाच ठाऊक. उणीव एकच: संगणकासाठी खास बनवलेलं प्लेको नाही.

तिथे एमडीबीजी वापरावं. चिनी परिच्छेद चिकटवला की तो शब्दाशब्दांत फोडून अर्थासह समोर ठेवतो. चिनी लिखाणात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, तेव्हा एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हेच सुरुवातीला कळत नाही. त्यावर हा चांगला उपाय आहे. सुरांप्रमाणे अक्षरांना रंगही मिळतात. वाक्यांची उणीव मात्र राहतेच.

उच्चाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे आपल्याला एक फायदा आहे आणि तो आपण हातचा घालवतो. पिनयिनमधला ‘बी’ म्हणजे आपला ब नव्हे. तो पाण्यातल्या ‘प’च्या जवळचा, आणि ‘पी’ म्हणजे फळातला ‘फ’. तसंच ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे त आणि थ, ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख. चीनच्या राजधानीचं नाव आपण बीजिंग लिहितो, पण कानावर पडतं ते ‘पेइचिंग’. अल्पप्राण-महाप्राण हा भेद इंग्रजी भाषकाला मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळालेला आहे. ‘चार’मधला आणि ‘चमचा’मधला च वेगळा, हेही आपली जीभ जाणते, आणि पिनयिनचे ‘जे’ आणि ‘झेड’ जवळपास याच दोन जागांवर बसतात. म्हणून रोमन अक्षरं वाचून थांबू नका, आवाज ऐका. एमडीबीजीवर उच्चार ऐकता येतो, प्लेकोतही. मात्र प्लेकोचा ध्वनिमुद्रणांचा मोठा संच विकत घ्यावा लागतो.

यात गोव्याचाही एक धागा आहे. मिकेले रुज्जेरी आणि मात्तेओ रिच्ची हे दोघे इटालियन जेझुइट, म्हणजे एका ख्रिस्ती संघाचे धर्मप्रसारक, १५७८ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढे मकावमार्गे चीनमध्ये गेले. तिथे १५८०च्या दशकात त्यांनी पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाचं हस्तलिखित तयार केलं. रोमच्या जेझुइट दप्तरखान्यात ते १९३४ मध्ये सापडलं. त्यात उच्चार रोमन लिपीत आहेत, पण सुरांच्या खुणा नाहीत आणि महाप्राणाच्याही नाहीत. आजच्या कोशात या दोन्ही गोष्टी असताना त्यांच्याकडे काणाडोळा करणं बरं नव्हे.

योदाओ हा नेटईज या चिनी कंपनीचा कोश, मुळात इंग्रजी शिकणाऱ्या चिनी लोकांसाठी. त्यामुळे त्यात वाक्यांचा खजिना आहे आणि इंग्रजीतून चिनीकडे जाताना तो फार उपयोगी पडतो. पण वाक्यांखाली सहसा पिनयिन नसतं आणि सगळी मांडणी चिनीत. पाचशे-हजार अक्षरं ओळखीची झाल्यावरच त्याच्याकडे जा, आधी गेलात तर धीर सुटेल. आणखी एक: बायडू ट्रान्सलेटची शिफारस जुन्या याद्यांत सापडते, पण जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अॅपमध्ये ते होतं. त्यावर अभ्यास उभारू नका.

विक्शनरी, म्हणजे विकिपीडियाच्या धर्तीवरचा खुला शब्दकोश, रोजच्या वापराला जड आहे. पण अक्षराचा इतिहास, जुनी रूपं आणि कँटोनीजसारख्या बोलींमधले उच्चार एकत्र हवे असतील तर तिच्याइतकं सढळ दुसरं काही नाही. मकाव किंवा हाँगकाँगच्या लोकांशी काम पडणार असेल तर जरूर उघडा.

भाषांतराच्या अॅपला शब्दकोश समजू नये. पाटीवर कॅमेरा धरून ढोबळ अर्थ कळतो, तेवढंच त्याचं काम. वेर्ण्यात चीनहून आलेल्या कच्च्या मालाच्या पिंपावरचं लेबल वाचायचं असेल, तर तिथे यातला एकही कोश पुरेसा नाही. रसायनाचा सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक) ताडून पाहावा आणि पुरवठादाराकडून इंग्रजी कागद मागवावा. औषधाच्या बाबतीत अंदाज चालत नाही.

निवड आजच करायची असेल तर फोनवर प्लेको, संगणकावर एमडीबीजी. परीक्षा एचएसके (चीनची चिनी भाषेची प्रमाणपरीक्षा) असेल तर दोन्हीकडे सरलीकृत अक्षरं ठेवा, तैवानला जायचं असेल तर पारंपरिक. प्लेकोचे पैसे लगेच भरू नका. आधी फुकटचं अॅप पुरतं वापरा. मग एखादी सुविधा विकत घ्यावीशी वाटली, तर उजळणीची कार्डं आधी घ्या, कॅमेऱ्याने वाचण्याची सोय नंतर. कॅमेरा अक्षर ओळखून देतो, कार्डं ते तुमच्याकडून ओळखून घेतात.