विहिरीच्या पाण्याचा दावा आणि मध्यस्थी केंद्रातील चार बैठका

बेळगाव जिल्ह्यात सीमेलगत असलेल्या आमच्या 2 एकर 16 गुंठे जमिनीच्या वाटणीचा दावा 9 वर्षे रेंगाळला आणि अखेर न्यायालयाच्या आवारातील मध्यस्थी केंद्रात 4 बैठकांत मिटला. आपल्या भागात भाऊबंदकीचे असे दावे गावोगावी आहेत, म्हणून घरच्यांच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 89 सन 2002 पासून लागू आहे. तडजोड होण्यासारखा दावा न्यायालय त्यानुसार मध्यस्थीकडे पाठवू शकते, आणि कर्नाटकात त्यासाठी 2005 चे स्वतंत्र नियम आहेत. आमच्या मध्यस्थ प्रशिक्षण घेतलेल्या वकील होत्या. त्यांची फी आम्हांला द्यावी लागली नाही.

खरे तर हिश्शांचा वाद फारसा उरलेलाच नव्हता. मुलींना मुलांइतकाच हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातील 2005 ची दुरुस्ती आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल यांनंतर वडील, थोरले काका आणि चंदगडला दिलेली आत्या यांना प्रत्येकी 32 गुंठे मिळणार, हे तिन्ही वकिलांना मान्य होते. भांडण होते ते काकांच्या वहिवाटीतल्या विहिरीचे, आणि दाव्याच्या कागदांत त्या विहिरीला एकच ओळ होती. न्यायालयात आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग मोजणी, मग प्रत्यक्ष वाटणीचा अंतिम हुकूमनामा, त्यावर पुन्हा अपील, एवढे सगळे पार पडले असते तरी पाण्याची पाळी कोणी आणि कशी धरायची, हा प्रश्न बांधावर तसाच उभा राहिला असता.

पहिल्या दोन बैठकांत वकीलच अधिक बोलले. तिसऱ्या बैठकीत मध्यस्थांनी प्रत्येकाला वेगवेगळे बोलावले. तिथे सांगितलेली गोष्ट संमतीशिवाय दुसऱ्या पक्षाला कळवली जात नाही आणि न्यायाधीशांपर्यंतही जात नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. काकांनी 9 वर्षांत कुठल्याही तारखेला न सांगितलेली गोष्ट त्या खोलीत सांगितली: मोटार दोनदा जळाली, दोन्ही वेळा रिवाइंडिंगचे पैसे त्यांनी एकट्याने भरले आणि घरातल्या कोणी साधी विचारपूसही केली नाही. काकांच्या परवानगीने हे आमच्यासमोर आले, तेव्हा वडील बराच वेळ खाली मान घालून बसले आणि मग एवढेच म्हणाले, "दादा, मला एकदा सांगायचं होतंस."

त्यानंतर तोडग्याला वेळ लागला नाही. पाण्याची पाळी दिवसांनुसार ठरली, दुरुस्तीचा खर्च तिघांत वाटला गेला आणि बांधावरून वाट सोडली गेली. आत्याने भाताच्या हिश्शाऐवजी माळावरचा, काजूची झाडे असलेला लहान तुकडा मागून घेतला, कारण वर्षातून एकदा येऊन काजू उतरवणे तिला जमण्यासारखे होते. समान वाटणीच्या हुकूमनाम्यात अशी मागणी बसणे कठीण होते.

एक उणीव मात्र गंभीर आहे. तडजोडीचा मसुदा कन्नडमध्ये होता आणि वडील व आत्या दोघांनाही कन्नड वाचता येत नाही. मध्यस्थांनी प्रत्येक कलम मराठीत समजावून सांगितले, तरी मराठी प्रत मिळाली नाही. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर सहसा अपील करता येत नाही, त्यामुळे आम्ही मुदत मागून घेतली, विश्वासातल्या जाणकाराकडून मसुदा वाचून घेतला आणि चौथ्या बैठकीत सह्या केल्या. सीमाभागात तरी अशा मसुद्यासोबत मराठी भाषांतर देणे बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे.

समोरच्याने बनावट कागद केला असेल किंवा तो जमीन परस्पर विकायला निघाला असेल, तर आधी न्यायालयातून मनाई हुकूम घेणेच योग्य. तिथे मध्यस्थीची वाट पाहू नये. घरच्या वाटणीसाठी केंद्रात जाणाऱ्यांनी उतारा, नकाशा आणि दुरुस्तीच्या पावत्या न्याव्यातच, पण शेतात प्रत्यक्ष पाणी धरणारा माणूसही सोबत न्यावा. आमच्याकडे तो चुलतभाऊ होता आणि पाळीचे वेळापत्रक अखेर त्याच्याच सांगण्यावरून लिहिले गेले.