जुन्या लोखंडी कूलरला हनीकॉम्ब पॅड, दोन उन्हाळे वापरून झाल्यावर

आमच्या जळगावात कूलर म्हणजे काही हौस नाही, मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की दुपारी पंखा नुसता भट्टीतली हवा फिरवतो. घरी वडिलांनी बनवून घेतलेला चार फुटी लोखंडी कूलर आहे, पत्रा अजून ठणठणीत. दरवर्षी होळी झाली की तो जिन्याखालून ओढत काढायचा, गंज घासायचा, टाकीला आतून काळा रंग मारायचा आणि तिन्ही जाळ्यांचं गवत बदलायचं. गवताचा खर्च अडीचशे-तीनशेच्या वर नाही, पण ते भरताना हाताला टोचतं, घरभर कचरा होतो आणि मे संपेपर्यंत ते खाली बसून वर मोकळी फट पडते, तिथून सरळ गरम हवा आत. म्हणून मागच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी यायच्या आत हनीकॉम्बचं, म्हणजे गवताऐवजी लावायच्या मधाच्या पोळ्यासारख्या नळ्यांच्या कागदी पॅडचं, किट ऑनलाइन मागवलं, तीन पॅड, एक पंप, नळी, सगळं मिळून १,९०० ला.

पहिली चूक माझीच. फोटोत भरदार दिसले म्हणून चार इंची पॅड घेतले. आपल्या जुन्या कूलरची गवताची चौकट दीड-दोन इंच खोल असते हो, चार इंची पॅड बसणार कुठं? दार लागेचना. परत पाठवायला आठ दिवस गेले, कस्टमर केअरवाला रोज वेगळा फोटो मागायचा. शेवटी दोन इंची आले. तुम्ही घेणार असाल तर आधी चौकटीची खोली मोजा, लांबी-रुंदी नंतर. पॅड थोडा मोठा ठेवून हॅक्सॉच्या ब्लेडने कापायचा, ब्लेडच्या एका टोकाला फडकं गुंडाळा, आणि घट्ट बसेल असाच कापा, नाहीतर गवतासारखीच फट राहते.

आता खरी गंमत. बसवला, चालू केला, आणि पलंगावरची चादर पाच मिनिटांत ओली. आई म्हणे, "हाऊ कूलर शे का पानीना फवारा?" मी पंपाचा वॉल्व्ह कमी करून बघितला, फरक नाही. मग गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे पॅडचा कापलेला तुकडा घेऊन गेलो. त्याने तो उजेडात धरला आणि बोटाने दाखवलं, "भाऊ, हे बघ, एक नाळी जास्त उतरती आहे, दुसरी कमी. जास्त उतरतीवाली बाहेरच्या बाजूला खाली गेली पाहिजे." म्हणजे ४५ अंशाची घडी आणि १५ अंशाची घडी अशी आलटून पालटून चिकटवलेली असते, ४५ वाली बाहेर जाळीकडे उतरली की पाणी आत येणाऱ्या हवेकडे वाहतं. उलटं लावलं की तेच पाणी हवेबरोबर घरात. किटमधल्या कागदावर याचा एक शब्द नाही, फक्त कंपनीचा लोगो मोठा! पॅड फिरवले, चादर कोरडी.

गारवा? खरंच चांगला. गवतापेक्षा हवा एकसारखी लागते आणि आवाजही कमी वाटला. पण जूनमधे ढग आले की कुठलाही पॅड लावा, हवेत आधीच ओल असल्यावर पाणी उडणार कुठं, नुसतं चिकचिक होतं, तेव्हा पॅडला दोष देऊ नका.

किटमधला पंप मात्र भंगार. १८ वॅटचा लिहिलेला, पण मागच्या पॅडपर्यंत धार पोहोचेचना, वरचा कोपरा कोरडाच राहायचा. महिनाभरात जाम झाला. खोलून बघितलं तर छोट्या पंख्यावर पांढरा थर, जुन्या टूथब्रशने घासला की चालायचा, परत पंधरा दिवसांनी तेच. नंतर त्याच हार्डवेअरवाल्याकडून ४० वॅटचा घेतला, त्याने बादलीत बुडवून चालवून दाखवला तेव्हाच पैसे दिले. ऑनलाइनला ही सोय नाही भो.

क्षार हा आपल्याकडचा मुख्य शत्रू. नळाचं पाणी रोज येत नाही, मग बोअरचं भरतो, आणि पाणी उडून जातं पण मीठ टाकीतच राहून घट्ट होत जातं. मी नुसतं वरून पाणी टाकत राहिलो, पॅड महिन्यात पांढरे पडले, हवा अर्धी झाली. आता दर चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करतो, मच्छरचंही काम होतं, डेंग्यूच्या डासाला असंच साठलेलं पाणी लागतं. पॅडवर लिंबूसत्वाचं पाणी टाकून तासभर ठेवतो, मग साध्या पाण्याने हळू धुतो. ब्रश किंवा गाडी धुवायचा प्रेशर पाइप लावू नका, शेवटी तो कागदच आहे. आणि सकाळी बंद करताना आधी पंप बंद, पंखा पंधरा मिनिटं चालू, पॅड वाळतो, कुबट वास येत नाही.

एक गोष्ट किटशी संबंधित नाही तरी सांगतो. जोडणी झाल्यावर टेस्टर पत्र्याला लावला तर बारीक पेटला. प्लग खोलला, तर तीन पिनचा टॉप पण हिरवी वायर आत कापून सोडलेली, कोणत्या मिस्त्रीने केली देव जाणे, आणि आम्ही इतकी वर्षं ओल्या हाताने पाणी भरत होतो. अर्थिंग जोडली, बोर्डवर ३० मिलीअ‍ॅम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतली, ते काम मात्र वायरमनकडून, स्वतः नाही. आणि प्लग काढल्याशिवाय पाणी भरायचं नाही असं घरात सगळ्यांना दम देऊन सांगितलंय.

तर पॅडला पाचपैकी चार, पंपाला अर्धा, किटमधल्या कागदाला शून्य. जमलं तर नुसते पॅड घ्या, पंप आपल्या दुकानातून. दुसरा उन्हाळा संपताना मागचा पॅड खालून मऊ पडलाय, बोट लावलं की चुरा येतो, तो एकच बदलणार आहे, बाजूचे दोन अजून एक मे काढतील असं वाटतंय.