आर्क्टिकचं सामान: एक उन्हाळा तिथे, एक नागपुरात

पैसे मोजकेच असतील तर जाकीट मध्यम प्रतीचं घ्या, पण हातमोजे, बूट आणि सेल यांत अजिबात काटकसर करू नका. आमच्या भूशास्त्राच्या छोट्या गटाचं सामान ठरवणं, घेणं आणि परत आल्यावर जपणं हे काम माझ्याकडे होतं. जुलै-ऑगस्ट नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंड या संशोधन-वस्तीत हिमनदीच्या वितळपाण्याचे नमुने घेण्यात गेले. त्यानंतर याच सामानाने नागपूरचा अख्खा मे विभागाच्या कपाटात काढला. दोन्ही झेपलं त्याच वस्तूंची शिफारस करते आहे.

नी-ओलेसुंड जवळपास 79 अंश उत्तरेला आहे. भारताचं हिमाद्री केंद्र तिथे 2008 पासून आहे आणि भारतीय गटांचं काम गोव्याच्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन संस्थेमार्फत चालतं. राहायला उबदार खोली आणि जेवायला गावाची सामायिक मेस असते, त्यामुळे तंबू, स्टोव्ह, शिधा यांचा विचार आम्हाला करावा लागला नाही. जुलैत तापमान शून्याच्या चार-सहा अंश वरच राहतं. खरा त्रास ओलीचा असतो: बारीक पाऊस, बोचरा वारा आणि हिमनदीतून निघालेले ओढे. पिसांचं जाड जाकीट भिजलं की पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते. म्हणून अंगालगत मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस आणि सगळ्यावर वारा-पाणी अडवणारं पातळ कवच, एवढंच आम्ही ठेवलं. सुती कपडा एकही नाही. सुती बनियन घामाने ओली झाली की वाळतच नाही, आणि चढून थांबल्यावर पाठीला गारठा धरतो.

आता हातमोजे. नमुना घेणाऱ्याचे हात दिवसभर शून्याच्या आसपासच्या पाण्यात असतात आणि त्याच हातांनी बारीक झाकणं फिरवायची असतात. एकच जाड मोजा दोन्ही कामं करूच शकत नाही. आम्ही पातळ लोकरी मोज्यांवर एक माप मोठे नायट्राइलचे, म्हणजे प्रयोगशाळेतले पातळ रबरी मोजे चढवले. नमुन्याला हाताचा मळ लागत नाही, ऊबही थोडी राहते. बाटली भरून झाली की लगेच वरून मोठे मिटन, ज्यात चारही बोटं एकत्र राहतात आणि एकमेकांना ऊब देतात. ओढ्यात उभं राहून यंत्र बसवायचं असेल तेव्हा कोपरापर्यंतचे निओप्रीनचे, म्हणजे फोमसारख्या जाड रबराचे. लोकरी जोड माणशी तीन तरी हवेत, कारण ओले झाले की संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत. खरेदी समितीला हा सगळा खर्च जास्त वाटत होता. मोहिमेत सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते हेच.

बुटांचे दोन प्रकार लागतात. ओढे ओलांडायला आतून अस्तर असलेले उंच रबरी बूट आणि बर्फावर मायक्रोस्पाइक (बुटाखाली चढवायच्या टोकदार साखळ्या) घट्ट बसतील असे कडक तळाचे. दोन्ही जाड मोज्यांवर घालून बघूनच घ्यावेत, बोटं आत मोकळी हलली पाहिजेत. इथे सरकारी पद्धतीची खरेदी आडवी येते. तीन कोटेशन आणि त्यात सर्वांत कमी दर, या हिशोबात पायाचं माप कुठेच बसत नाही. आम्ही मागणीपत्रातच प्रत्येकाचं माप, तळाचा प्रकार आणि 'घालून पाहिल्यावरच स्वीकारले जातील' अशी अट लिहिली. दुसऱ्या विभागांनीही हेच करावं असं मला मनापासून वाटतं.

निघण्याआधीची सगळ्यात उपयोगी गोष्ट फुकटात झाली. हिंगणा एमआयडीसीतल्या एका आइस्क्रीमच्या गोदामात मालक काकांनी आम्हाला उणे 20 च्या खोलीत सराव करू दिला. बाहेर एप्रिलचं ऊन. आत सगळा पेहराव घालून झाकणं उघडली, सेल बदलले, नोंदी लिहिल्या, स्पाइक चढवले. तिथल्या एका कामगाराने विचारलं, "ताई, तिथं सेल बंद पडले त का करसान?" प्रश्न अगदी मोक्याचा होता. साध्या अल्कलाइन सेलमध्ये पाण्याचा द्राव असतो आणि थंडीत त्याची ताकद झपाट्याने उतरते. पाणी तपासायचा आमचा मीटर त्यावर थोड्याच वेळात मान टाकू लागला, आणि एकदाच वापरायच्या लिथियम सेलवर व्यवस्थित चालला. हे सेल उणे 40 पर्यंत काम देतात. जुलैत एवढी थंडी नसते, पण पुढच्या गटाला मार्च-एप्रिलमध्ये जायचं आहे. बॉलपेनही तिथेच थांबलं. तेव्हापासून पेन्सिल आणि पाण्यात न भिजणारी वही.

पीएच मीटरबद्दल, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणाऱ्या यंत्राबद्दल, जरा जास्त लिहिते, कारण आधी कुणी सांगत नाही. वितळपाण्यात क्षार फार कमी असतात. नेहमीचा इलेक्ट्रोड (मीटरची पाण्यात बुडवायची दांडी) अशा पाण्यात स्थिर व्हायला खूप वेळ घेतो, आकडा सरकतच राहतो. कमी क्षारांच्या पाण्यासाठीचा वेगळा इलेक्ट्रोड मिळतो, तोच घ्या, आणि त्याचा काचेचा फुगा गोठू नये म्हणून चालताना आतल्या खिशात ठेवा.

लॉगर (मोजमापं आपोआप नोंदवणारं यंत्र) निवडताना एक बाब पहिल्याच दिवशी तपासा. नी-ओलेसुंडमध्ये रेडिओ-शांतता पाळली जाते, कारण पृथ्वीचा आकार आणि हालचाल मोजणारी तिथली भूगणितीय वेधशाळा क्वेसार या अतिदूरच्या तेजस्वी खगोलांचे अतिक्षीण रेडिओ संदेश टिपते. 2 ते 32 गिगाहर्ट्झमधलं प्रक्षेपण बंद, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. हल्ली बरेच लॉगर फक्त मोबाइलच्या ब्लूटूथवर चालतात. ते तिथे निरुपयोगी. केबलने माहिती देणारेच घ्या, आणि केबल दोन न्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा क्षेत्रात येत नाही, पण वाट नॉर्वेतूनच आहे, म्हणून परतीसाठी दोनदा प्रवेशाचा शेंगेन व्हिसा लागतो. जादा लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच. वस्तीबाहेर जाताना हिम-अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ असावंच लागतं. ते इथून न्यायचं नसतं, त्याची सोय आणि प्रशिक्षण तिथे आहे.

परतीला गोठवलेले नमुने हाच सगळ्यात नाजूक भाग. बाटल्या काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) प्रवाशाच्या सामानात 2.5 किलोपर्यंतच, तोही विमान कंपनीने परवानगी दिली तर, आणि वायू बाहेर पडेल अशा पेटीत. म्हणून जेवढं पाणी तिथेच गाळून, मोजून संपवता येईल तेवढं संपवा. पेटीत छोटा तापमान लॉगर ठेवा. नागपूरच्या विमानतळापासून विभागातल्या फ्रीझरपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात काय झालं, हे त्याशिवाय कळत नाही.

आणि मग मे. गच्चीखालच्या खोलीत बुटांचा डिंक सुटतो, फोमचे तळ ठिसूळ होतात, म्हणून सगळं तळमजल्यावर हलवलं. रबरी बूट टॅल्कम पावडर लावून उभे ठेवले, एकही चिरला नाही. लोकरीत कडुनिंबाची वाळलेली पानं घातली, कसर लागली नाही. पावसाळी कवचाची पाणी झटकण्याची क्षमता मात्र उतरली आहे. ते धुऊन पुन्हा लेप द्यावा लागेल. स्पाइकच्या साखळ्यांना गंज नाही.

बूट सध्या 7, 8 आणि 9 मापाचे आहेत. नागपुरातल्या दुसऱ्या कॉलेजच्या गटाला मोहिमेसाठी हवे असतील तर विभागात येऊन घालून बघा. जाड मोजे सोबत आणा.