शर्यत न होऊ दिलेली २०० किलोमीटरची ब्रेव्हे : एका आयोजनाचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरातील हौशी सायकलस्वारांच्या एका मंडळाने डिसेंबरात सोलापूर महामार्गावर २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल सफर, घेतली. आडूळ, पाचोड, वडीगोद्री, शहागडचा गोदावरीवरील पूल आणि पुढे गेवराई गाठून त्याच वाटेने परत, असा मार्ग होता. पहाटे ६ वाजता निघालेल्या स्वाराने १३ तास ३० मिनिटांत, म्हणजे सायंकाळी साडेसातपर्यंत परतायचे असते. हे आयोजन मला मनापासून आवडले, कारण मंडळाने ब्रेव्हेची शर्यत होऊ दिली नाही.

या आग्रहामागे मोठा इतिहास आहे. १८९७ साली बारा इटालियन सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात पार केले आणि ‘ऑडॅक्स’ सफरींची प्रथा पडली. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी पुढच्याच वर्षी फ्रान्ससाठी या सफरींचे नियम बांधले. त्या भरवणारा ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँही १९०४ चाच. देग्रांज यांच्या नियमाप्रमाणे सर्वांना कप्तानाच्या मागे, ठरलेल्या गतीने, एकत्र जावे लागे. १९२१ मध्ये क्लबचे त्यांच्याशी बिनसले आणि ज्याने त्याने आपापल्या गतीने जावे, अशा ब्रेव्हे क्लबने सुरू केल्या. आज आपल्याकडे चालते ती हीच पद्धत. तीत वेळेची मर्यादा असते, क्रमांक नसतात, आणि निकालावर अंतिम मान्यतेची मोहोर आजही पॅरिसचा हाच क्लब उमटवतो.

गेवराईच्या कंट्रोलवर, म्हणजे स्वार पोचल्याची नोंद होते त्या ठिकाणी, हे तत्त्व प्रत्यक्ष दिसले. १०० किलोमीटरवरील हे कंट्रोल नियमाने दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी बंद होते; तोवर स्वयंसेवक जागचे हलले नाहीत, आणि शेवटी पोचलेल्या काकांच्या ब्रेव्हे कार्डावरही त्यांनी तितक्याच अगत्याने वेळ लिहून सही केली. सकाळची तपासणीही काटेकोर होती. मागचा दिवा नसलेल्या एका तरुणाला त्यांनी निघू दिले नाही, हे योग्यच झाले, कारण या दिवसांत सहाच्या आत सूर्य मावळतो आणि उसाच्या ट्रॉल्या पुष्कळदा मागच्या दिव्याविनाच महामार्गावर असतात.

उणीव एकच, पण महत्त्वाची. ब्रेव्हेत स्वाराने आपली सोय आपणच पाहायची असते, हे मान्य आहे. तरी परतीच्या वाटेवर, उत्तरेचा वारा अंगावर घेत असताना, पाणी कोठे मिळेल याचा उल्लेख मार्गपत्रिकेत हवा होता. पुढच्या ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी २० तासांची मुदत असते, म्हणजे बहुतेकांची निम्मी रात्र रस्त्यावर जाणार. तिच्या मार्गपत्रिकेत रात्री उघडे असणारे धाबे आणि पेट्रोलपंप मंडळाने आवर्जून नोंदवावेत.